गुऱ्हाळावरचा प्रोजेक्ट आणि विद्यापीठाचा सन्मान : अर्ज कसा लिहावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरच्या करवीर तालुक्यातला एक विद्यार्थी बी.एस्सी. रसायनशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. घरचं गुऱ्हाळ आहे. गेल्या हंगामात त्यानं गुळव्याची, म्हणजे गूळ शिजवणाऱ्या कारागिराची, पाक तयार झाला का हे बघायची 'गोळी' आणि थर्मामीटरचा आकडा यांचा मेळ बसतो का, हे पाहिलं. आता पदवीच्या मुलांच्या संशोधनाला आणि कलाकृतींना विद्यापीठ पातळीवर जो सन्मान मिळतो, त्यासाठी त्याला अर्ज करायचाय. तो विचारतो : निष्कर्ष अगदी लहान आहे, चालेल का? सर म्हणतात आधी पेपर छापून आण, तर तो लागतोच का? शिफारसपत्र कुणाचं घ्यावं? आणि धाकटी बहीण बी.एफ.ए.ला आहे, तिनं कुस्तीच्या तालमीवर लिनोकटची (लिनोलियमवर कोरून छापलेल्या चित्रांची) मालिका केली आहे, तिनंही अर्ज करावा का?

दोघांनीही अर्ज करा. लहान निष्कर्ष चालतो. पेपर लागत नाही. शिफारसपत्र ज्यांनी तुला काम करताना पाहिलंय त्यांचं घे, मग ते विभागप्रमुख नसले तरी हरकत नाही.

आधी एक घोळ निस्तरू, कारण दरवर्षी मुलं यात अडकतात. 'विद्यापीठाचा सन्मान' म्हणून आपल्याकडे तीन-चार वेगळ्या गोष्टी ओळखल्या जातात. दीक्षान्त समारंभातलं राष्ट्रपती सुवर्णपदक सर्वांगीण कामगिरीसाठी असतं. अभ्यास, खेळ, एनएसएस, सगळं त्यात धरतात, एकट्या प्रोजेक्टवर ते मिळत नाही. 'ऑनर्स विथ रिसर्च' ही तर पदवीच आहे. यूजीसीच्या २०२२ च्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण असतील तर चौथ्या वर्षी १२ क्रेडिटचा संशोधन प्रकल्प करून ती मिळते. तिला अर्ज नाही, प्रवेश लागतो. तिसरी गोष्ट 'आविष्कार'. राज्यपालांच्या, म्हणजे कुलपतींच्या पुढाकारानं २००६ पासून चालणारी ही राज्यातल्या विद्यापीठांची संशोधन स्पर्धा. आधी आपल्या विद्यापीठातल्या फेऱ्या, मग राज्य. तिचे सहा गट आहेत : मानव्यविद्या, भाषा आणि ललित कला; वाणिज्य, व्यवस्थापन आणि विधी; शुद्ध विज्ञान; शेती आणि पशुसंवर्धन; अभियांत्रिकी आणि तंत्रज्ञान; औषधशास्त्र आणि वैद्यक. पदवीच्या मुलांचा स्तर वेगळा असतो, एम.एस्सी. किंवा पीएच.डी.वाल्यांशी तुझी गाठ पडत नाही. आणि चौथी, महाविद्यालयं, संस्था, अधिविभाग आपापल्या पातळीवर लेखी अर्ज मागवून जे गौरव करतात ते.

तुझा अर्ज तिसऱ्या किंवा चौथ्या प्रकारात बसतो. लेखी भाग दोन्हीकडे जवळजवळ सारखाच असतो, फक्त आविष्कारमध्ये पुढे पोस्टर आणि तोंडी सादरीकरण येतं. एक मात्र तपासून घे : तुझं कॉलेज कुठल्या विद्यापीठाचं. तुला हसू येईल, पण कोल्हापुरात हा प्रश्न खरा आहे. शेती महाविद्यालय राहुरीच्या कृषी विद्यापीठाकडे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाकडे, आणि तुझ्यासारखी सायन्स कॉलेजं शिवाजी विद्यापीठाकडे. मित्राचा फॉर्म बघून आपला भरला की घात होतो. आणखी एक, गुळाचा विषय म्हणून डोळे झाकून शेती गटावर खूण करू नकोस. तू उसाच्या वाणांवर काही केलेलं नाहीस. उकळण्याच्या तापमानावर केलंस. समन्वयकांशी बोल, पण माझ्या मते तुझी जागा शुद्ध विज्ञानात.

आता अर्ज वाचणाऱ्यांबद्दल. मी अशा समित्यांवर बसते. समितीत एक जण भौतिकशास्त्राचा, एक प्राणिशास्त्राचा, कधी एखादे सूक्ष्मजीवशास्त्राचे, असं मिश्र प्रकरण असतं. गुळावर पीएच.डी. केलेला माणूस तिथं असेलच असं नाही; उलट नसेलच असं धर. गठ्ठा समोर असतो, चहा निवत असतो. आधी शीर्षक, मग गोषवारा, मग शिफारसपत्राची शेवटची चार वाक्यं, एवढ्यावर पहिली चाळणी होते. मागचं चाळीस पानी बाड या टप्प्यावर कुणी उघडत नाही. ते चूक की बरोबर हा वाद वेगळा, पण आहे हे असं आहे. त्यामुळे सगळा जीव गोषवाऱ्यात ओत.

आणि चाळणीत काय गळतं? 'पंचगंगा नदीचे प्रदूषण : एक अभ्यास'. दरवर्षी हा अर्ज येतो, नावं बदलून. पंचगंगेचा प्रश्न मोठा आहे यात शंका नाही, पण प्रश्न मोठा आहे म्हणून अर्ज मोठा होत नाही. चार ठिकाणचं पाणी, पीएच, विरघळलेला ऑक्सिजन, बीओडी (पाण्यातली घाण कुजताना लागणारा ऑक्सिजन), मग 'नदी प्रदूषित आहे, लोकजागृती हवी'. परीक्षकाला हे अर्ज उघडायच्या आधीपासून माहीत असतं. शिवाय विचारलं की पोलखोल होते. ऑक्सिजनसाठी पाणी कसं घेतलं? 'बिसलेरीच्या बाटलीत, मॅडम. लॅबमध्ये आणून तपासलं.' संपलं! विंकलर पद्धतीत, म्हणजे ऑक्सिजन मोजायच्या नेहमीच्या रासायनिक पद्धतीत, काचेची बाटली पाण्याखाली धरून, एकही बुडबुडा न ठेवता काठोकाठ भरायची, आणि मँगनस सल्फेट व अल्कलाइन आयोडाइड तिथंच घाटावर घालून ऑक्सिजन बांधून टाकायचा. अर्धी बाटली हिंदकळत एसटीनं आणली तर तू नदीतला ऑक्सिजन मोजत नाहीस, बाटलीतल्या हवेचा मोजतोस.

याच विषयावर चांगला अर्जही होऊ शकतो. समजा एखादीनं एवढंच विचारलं : प्रयाग चिखलीच्या संगमाखाली एकाच जागी पहाटे आणि दुपारी ऑक्सिजन किती बदलतो, आणि म्हणून सकाळी दहाला नमुना घेणाऱ्या सगळ्या प्रोजेक्टांचे आकडे कुठल्या बाजूला झुकत असतील? पाण्यातल्या वनस्पती, शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतात, रात्री सगळेच तो वापरतात, म्हणून पहाटे तो सर्वांत कमी असतो हे पुस्तकात आहे. पण आपल्या नदीवर, आपल्या नमुन्याच्या वेळेवर त्याचा काय परिणाम होतो हे बघणं पदवीच्या मुलीच्या आवाक्यात आहे. खर्च जवळजवळ नाही, पहाटे उठायचं तेवढं. असा अर्ज मी पुढच्या फेरीत पाठवेन. प्रदूषण सिद्ध करणारा नाही पाठवणार.

तुझ्या कामाकडे येते. तू पाठवलेला गोषवारा असा सुरू होतो : 'गूळ हा भारतीय आहारातील महत्त्वाचा घटक असून कोल्हापूरचा गूळ जगप्रसिद्ध आहे. प्राचीन काळापासून…' हे सगळं पुसून टाक. कोल्हापुरात कोल्हापूरच्या गुळाची महती सांगून कुणाचं मत मिळणार? भौगोलिक मानांकनाचा उल्लेखही गोषवाऱ्यात नको. गुळाला ते २०१४ मध्ये मिळालं, पण तुझ्या थर्मामीटरशी त्याचा संबंध नाही. तुझं खरं काम सातव्या वाक्यात सुरू होतं, आणि तेही 'सदर संशोधनात तापमान व पारंपरिक पद्धती यांचा तुलनात्मक अभ्यास करण्यात आला' असं. कुणी केला? कशाची तुलना? किती आधणं, म्हणजे रसाच्या किती खेपा?

मला फोनवर तू जे सांगितलंस ते यापेक्षा किती तरी चांगलं होतं. तू म्हणालास, गुळव्या मामा काहिलीतला (रस उकळायच्या मोठ्या कढईतला) पाक थंड पाण्यात टाकतात, बोटांनी वळून गोळी होते का बघतात, ती वळून वाटीवर मारली की टणकन वाजली पाहिजे, मग 'उतरा' म्हणतात. तू दर वेळी त्या क्षणी काहिलीतलं तापमान लिहून ठेवलंस. आणि पुस्तकातला आकडा ११८ अंशांच्या आसपासचा, तुझा मात्र सातत्यानं थोडा खाली येत होता. म्हणून तुला वाटलं, थर्मामीटर बिघडलाय किंवा मामा घाई करतात, आणि हा निष्कर्ष 'लहान' आहे.

अरे, हाच तर निष्कर्ष आहे! कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे. इथं साधं पाणीच साधारण ९८ अंशांना उकळतं, शंभरला नाही. पाक म्हणजे साखरेचं दाट द्रावण. त्याचा उत्कलनबिंदू पाण्याच्या उत्कलनबिंदूवर चढत जातो. पायाच दोन अंशांनी खाली असेल तर त्याच दाटपणाचा पाक इथं पुस्तकातल्या आकड्यापेक्षा दोनेक अंश आधीच तयार होणार. तू थर्मामीटर उकळत्या पाण्यात धरून तपासला होतास का? नसेल तर आज तपास. ९८ च्या आसपास दाखवला तर थर्मामीटर शाबूत आहे, मामाही बरोबर आहेत, आणि पुस्तकातला आकडा जसाच्या तसा आपल्या गुऱ्हाळात वापरला तर पाक जास्त शिजून गूळ करपट होण्याचा धोका आहे, हे तुला पुराव्यानिशी म्हणता येतं. उद्या कुणी गुऱ्हाळाला स्वयंचलित तापमापक बसवायला आला तर त्याला हा आकडा लागेल. याला लहान म्हणायचं धाडस मी करणार नाही.

मात्र दोन गोष्टी परीक्षक विचारणारच, त्या आधीच लिहून ठेव. थर्मामीटर काहिलीत कुठं धरला होता? मध्ये, कडेला, किती खोल? चुलवाणाच्या तोंडाकडची बाजू आणि चिमणीकडची बाजू सारखी तापत नाही. जाळ घालणाऱ्या जळव्यानं चिपाड (पिळलेल्या उसाचा चोथा) घातलं की आकडा उसळतो. दर वेळी जागा एकच ठेवली असशील तर तसं लिही, नसेल तर तेही लिही. दुसरं, तू आकडा वाचलास तो मामांनी 'उतरा' म्हणायच्या आधी की नंतर? आणि मामांना तो दिसत होता का? दिसत असेल तर तुलना पक्की राहत नाही, कारण माणूस नकळत आकड्याकडे बघून ठरवायला लागतो. दिसत नसेल तर ती तुझ्या कामातली सर्वांत हुशारीची गोष्ट आहे, आणि ती तू कुठंच लिहिलेली नाहीस.

गोषवारा साधारण असा होऊ शकेल. जिथं टिंबं आहेत तिथं तुझ्या वहीतले आकडे घाल :

'गूळ तयार झाला हे गुळव्या पाकाची गोळी वळून ठरवतो. पुस्तकं त्यासाठी ११८ अंश सेल्सिअसच्या आसपासचं तापमान सांगतात. करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळात … आधणांमध्ये गुळव्यानं काहिल उतरवायला सांगितली त्या क्षणीचं तापमान मी नोंदवलं. गुळव्याला थर्मामीटर दिसत नव्हता. थर्मामीटर त्याच ठिकाणी उकळत्या पाण्यात तपासला. नोंदी … ते … अंशांच्या दरम्यान आल्या, म्हणजे पुस्तकी आकड्यापेक्षा सरासरी … अंश कमी. कोल्हापूरच्या उंचीमुळे पाण्याचा उत्कलनबिंदू जितका घटतो, त्याच्याशी हा फरक जुळतो. नोंदी एकाच गुऱ्हाळाच्या आणि एकाच गुळव्याच्या आहेत. उसाचा वाण आणि रसाचा ब्रिक्स (विरघळलेल्या साखरेचं प्रमाण) यांचा परिणाम तपासलेला नाही.'

शेवटचं वाक्य मुलं खोडतात. 'मॅडम, आपणच आपली कमतरता कशाला सांगायची?' सांगायची, कारण परीक्षकाला ती दिसतेच. तू सांगितलीस तर तुला काम कळलंय असं होतं. त्यानं काढली तर तुला कळलेलं नाही असं होतं. आणि 'जुळतो' हा शब्द नोंदी खरंच जुळल्या तरच ठेव. नाही जुळल्या तर 'फरक उंचीनं पूर्ण स्पष्ट होत नाही' असं लिही, तरीही अर्ज उभा राहतो.

घाई मात्र करू नकोस. हे अर्ज साधारण दिवाळीच्या आगेमागे निघतात, आणि नेमका तेव्हाच गुऱ्हाळांचा हंगाम सुरू होत असतो. पाडव्याला मार्केट यार्डात सौदे निघतात न निघतात तोच कॉलेजची फेरी दारात. दोन नवी आधणं कशीबशी मोजून गेल्या हंगामाच्या आकड्यांत मिसळायचा मोह होईल. नको. नवीन उसाच्या सुरुवातीचा रस आणि फेब्रुवारीतला रस सारखा नसतो. गेल्या हंगामाचं जे आहे त्यावरच अर्ज कर, नवीन मोजणी पुढच्या वर्षासाठी वेगळी ठेव.

पेपरचं. सरांचा हेतू चांगला असेल, पण पदवीच्या मुलानं दीड-दोन हजार भरून आठवड्यात छापून आलेला 'आंतरराष्ट्रीय' पेपर बघून समितीतलं कुणीही भारावत नाही. आम्ही सगळे त्या मासिकांना ओळखतो; निम्म्यांचे ईमेल आम्हालाही रोज येतात. यूजीसीची केअर यादी, म्हणजे मान्य संशोधन-मासिकांची यादी, असायची तेव्हा निदान 'यादीत आहे का' एवढं विचारता यायचं. २०२५ मध्ये ती यादीही यूजीसीनं बंद केली, आता पारख आपणच करायची. छापलेला पेपर चांगल्या ठिकाणी असेल तर जरूर जोड. नसेल तर त्या पैशांत चांगला डिजिटल तापमापक येतो.

साम्य तपासणीबद्दल, म्हणजे मजकूर दुसरीकडून उतरवलाय का हे बघण्याबद्दल, तू विचारलेलं नाहीस, पण सांगते. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. ते नियम मुख्यतः प्रबंध आणि शोधनिबंधांसाठी, पण कॉलेजं अर्जालाही तोच आकडा लावतात. मग मुलं १० च्या खाली यायला शब्द फिरवत बसतात. 'उकळणे'चं 'क्वथन' होतं, 'ऊस'चा 'इक्षुदंड' होतो, आणि वाचणाऱ्याचं डोकं उठतं. साम्य जवळजवळ नेहमी प्रस्तावनेत सापडतं, जिथं सगळेच एकमेकांचं उतरवतात. प्रस्तावना चार ओळींची केलीस की प्रश्नच उरत नाही. चॅटबॉटकडून इंग्रजी सुधारून घेतलं असेल तर तसं एका ओळीत लिही. पूर्ण गोषवारा त्याच्याकडून लिहवून घेतलास तर मात्र तो इतर वीस अर्जांसारखा दिसेल. ते गुळगुळीत गोषवारे हल्ली पहिल्या ओळीतच ओळखू येतात. नियमपत्रकात मराठी चालत असेल तर सरळ मराठीत लिही. तुझी गोळी आणि काहिल इंग्रजीत आणताना निम्मी सांडते.

शिफारसपत्र. इथं मी जरा चिडून लिहिणार आहे, आणि मुलांवर नाही. 'सदर विद्यार्थी होतकरू, कष्टाळू व विनम्र असून त्याच्या उज्ज्वल भवितव्यासाठी शुभेच्छा.' हे पत्र आम्ही मास्तर लोक कॉलेजच्या लेटरहेडवर वर्षानुवर्षं काढतोय, फक्त नाव बदलून. एकदा एकाच कॉलेजच्या दोन मुलांची पत्रं आली, दोन्हीत मुलीचं नाव आणि पुढे 'त्याने'. अशा पत्रानं अर्ज पडत नाही, पण वरही येत नाही. तू एवढं करू शकतोस : सरांकडे रिकाम्या हातानं जाऊ नकोस. एका कागदावर लिहून ने, की प्रश्न कुणाला सुचला, उपकरण कुणी जमवलं, नोंदी कुणी घेतल्या, आलेख कुणी काढले, कुठं अडलास आणि तेव्हा काय केलंस. त्यातलं सरांनी स्वतः पाहिलेलं त्यांनी लिहावं. 'यानं थर्मामीटर तपासायला माझ्याकडून बर्फ आणि उकळतं पाणी मागून घेतलं' हे एक वाक्य 'कष्टाळू' या विशेषणापेक्षा शंभरपट जड आहे. विभागप्रमुखांनी तुला ओळखलंच नसेल तर त्यांच्या सहीच्या मोठेपणासाठी धावू नकोस. प्रॅक्टिकलला असणाऱ्या तासिका तत्त्वावरच्या मॅडमनी तुझं काम पाहिलं असेल तर त्यांचं पत्र घे. अग्रेषित करायला प्राचार्यांची सही शिक्क्यासह लागेलच, ती वेगळी बाब.

गटानं काम केलं असेल तर 'आम्ही' लिहून भागत नाही. समिती शेवटी एका मुलाकडे बघून विचारते, 'यातलं तुझं काय?' आणि तिथं मुलं गांगरतात. तुझं एकट्याचं आहे म्हणून तू सुटलास असं समजू नकोस. गुऱ्हाळ वडिलांचं, कसब मामांचं, थर्मामीटर कॉलेजचा. मग तुझं काय? प्रश्न तुझा, नोंदीची पद्धत तुझी, आकडे तुझे, अर्थ लावणं तुझं. एवढं पुरे आहे, पण ते स्वच्छ लिहिलेलं पाहिजे. घरच्या गुऱ्हाळावर काम केलंय हे लपवू नकोस. उलट त्यामुळे हंगामभर रोज तिथं थांबता आलं हे सांग.

आता बहिणीकडे. तिला सांग, सर्जनशील कामाच्या अर्जात प्रयोगशाळा, गृहीतक, निष्कर्ष असले शब्द ओढूनताणून घालायची गरज नाही. तसं केलं की दोन्हीकडून बुडतं. पण चित्रं जोडून 'यातून कोल्हापूरच्या मातीचा गंध येतो' एवढं लिहूनही चालत नाही. समितीत चित्रकार एखादाच असेल. बाकीच्यांना तिनं कुठले निर्णय घेतले आणि का, हे कळलं पाहिजे. लिनोकटच का, जलरंग का नाही? तालमीतला हौदा लाल मातीचा, आणि तिनं मालिका काळ्या-पांढऱ्यात केली आहे. हा फार मोठा निर्णय आहे, आणि तिच्या निवेदनात त्याबद्दल एक अक्षर नाही! कोल्हापूरचा माणूस तालमीचं चित्र म्हटलं की लाल रंगच शोधतो. तो काढून घेतल्यावर काय उरलं? पाठीवरचे स्नायू, चिकटलेली माती, लांगेची गाठ, कौलातून येणारा उजेडाचा पट्टा? हे तिनं तिच्या शब्दांत लिहावं. मी लिहून दिलं तर ते माझं होईल.

'कोल्हापूरच्या कलापरंपरेतून प्रेरणा' हे वाक्य प्रत्येक अर्जात असतं. परंपरा नक्कीच आहे. आबालाल रहिमान यांनी कोटितीर्थ, रंकाळ्याच्या परिसरात केलेली निसर्गचित्रं आहेत, बाबूराव पेंटर आहेत, राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे यांचं कलासंग्रहालय आहे. पण तिनं कुठलं चित्र उभं राहून पाहिलं आणि त्यातलं काय घेतलं किंवा मुद्दाम टाकलं, ते सांगितलं तर संदर्भ होतो. नुसती नावं घेतली तर पाट्या होतात. तिला हे सगळं बाजूला ठेवून फक्त तालमीबद्दल बोलायचं असेल तरी माझी काही हरकत नाही.

आणि फसलेली प्रूफं (छापून बघितलेले कच्चे ठसे) फेकली नसतील तर ती जोडावीत. पहिल्या प्रूफात शाई भरून गेली, रेषा बुजल्या, मग कोरणी बदलली, असं दोन-तीन टप्प्यांत दिसलं की न-कलावंत परीक्षकालाही कामाचा पल्ला समजतो. छायाचित्रं ट्यूबलाइटखाली भिंतीला टेकवून काढू नयेत. दिवसा सावलीत, कागद सपाट, कॅमेरा अगदी समोर, शेजारी माप. प्रत्येकाखाली आकार, माध्यम, वर्ष, प्रतींची संख्या. वस्तादांची परवानगी तिनं घेतली होती असं तू म्हणालास. ती तोंडी असेल तर आता दोन ओळींत लेखी घ्यावी, आणि ज्या पैलवानांचे चेहरे ओळखू येतात त्यांचीही. मालिकेतले दोघे-तिघे अठराच्या आतले दिसतात, त्यांच्या पालकांचीही.

परवानगीचा मुद्दा तुलाही लागू आहे, फक्त कमी. पुढे-मागे कुणी लोकांच्या मुलाखती, रक्ताचे नमुने, शाळकरी मुलं असं काही घेणार असेल तर नैतिकता समितीची मंजुरी काम सुरू करायच्या आधी लागते. मागाहून ती कुणी देत नाही.

पोर्टलचं फार सांगण्यासारखं नाही. शेवटच्या दिवशी ते बसतं, दोन दिवस आधी भर. फाइलला 'फायनल नवीन २' असलं नाव देऊ नकोस. बोनाफाइड आणि ओळखपत्रावरचं नाव अर्जावरच्या नावाशी जुळतंय ना, बघ. एका ठिकाणी वडिलांचं नाव आणि दुसरीकडे नुसतं आद्याक्षर, एवढ्यावर कारकून अर्ज परत करतो आणि तारीख निघून जाते.

पोस्टरपर्यंत पोचलास तर समोर उभं राहून तुला तीन-चार मिनिटं मिळतील. पाठ केलेलं भाषण दुसऱ्याच प्रश्नाला कोसळतं. आधी गोळी कशी बघतात ते हातानं करून दाखव, मग आलेख. 'याचा शेतकऱ्याला काय उपयोग?' हा प्रश्न हमखास येतो. 'उत्पन्न दुप्पट होईल' असलं काही बोलू नकोस. करपलेल्या आधणाचा गूळ काळा पडतो आणि सौद्यात भाव कमी येतो, हे तुला घरात बसून माहीत आहे, तेवढंच सांग. ब्रिक्सबद्दल विचारलं आणि माहीत नसेल तर 'मोजला नाही, रिफ्रॅक्टोमीटर नव्हता, पुढच्या हंगामात मोजणार' असं उत्तर दे. परीक्षक तिथं थांबतात. उडवाउडवी केली तर मात्र तोच धागा धरून ओढतात.

राहिला मामांचा प्रश्न, त्यांचं नाव घालायचं की नाही हा. घालायचं, त्यांना विचारून. 'स्थानिक कारागिरांचे आभार' असं घाऊक लिहू नकोस. ज्या माणसाच्या बोटांवर तुझे सगळे आकडे उभे आहेत, त्याचं नाव, गाव आणि किती हंगाम तो गुळव्याचं काम करतोय, हे पद्धतीच्या परिच्छेदात यायला हवं, आभाराच्या ओळीत नव्हे. कारण तुझ्या प्रयोगात एक मोजमाप थर्मामीटरचं आहे आणि दुसरं त्यांचं, आणि थर्मामीटरची कंपनी, मॉडेल तू लिहिलंच आहेस.

आधणांचे आकडे भरलेला गोषवारा तयार झाला की पाठव. बहिणीचं निवेदन तिनं स्वतः पाठवावं, तुझ्यामार्फत नको.